जाऊबाईच्या नावावरचा रिपोर्ट

आधी माझी चूक सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

मी बायकांच्या कॅन्सरची डॉक्टर आहे. गर्भाशय, अंडाशय, गर्भाशयाचं तोंड, एवढाच माझा इलाका. बावीस वर्षं नागपुरात ऑपरेशनं करते आणि जोडीला संशोधन करते. एक्कावन्नाव्या वर्षी मला स्वतःला गर्भाशयाचा कॅन्सर झाला. तपासणीचा तुकडा लॅबला पाठवताना मी फॉर्मवर माझ्या मोठ्या जावेचं नाव लिहिलं.

हे लिहायला बसले ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून. आजाराची माहिती तुम्हाला तुमचे डॉक्टर देतील, ती इथे शोधू नका. मी फक्त काय झालं ते सांगणार आहे.

फॉर्म

पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि जानेवारीत एक दिवस डाग लागला. हेच एखाद्या पेशंटने मला सांगितलं असतं तर मी ओरडले असते, "उद्याच्या उद्या या." स्वतःला मात्र मी अकरा आठवडे थापा मारल्या. कोरडेपणा असेल, धावपळ जास्त झाली असेल, पुन्हा आला तर बघू. पुन्हा आला. पुन्हा बघू.

शेवटी एका दुपारी धंतोलीत माझ्या मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये गेले. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिने पातळ नळीने अस्तराचा तुकडा घेतला. पाच मिनिटांचं काम. बाटली हातात धरून तिने विचारलं, "कुठे पाठवू?"

"आमच्याच लॅबला. मी नेते. फॉर्म पण मीच भरते."

आमच्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजिस्टशिवाय माझा कुणावर विश्वास नाही. पण तिथे माझ्या नावाची बाटली गेली असती तर संध्याकाळपर्यंत कॅन्टीनवाल्यालासुद्धा कळलं असतं. आम्हा डॉक्टर लोकांना मरणाची भीती वाटते, पण बोभाट्याची जरा जास्तच वाटते.

नाव बदलायचं तर नोंदणी झालेला पेशंट नंबर हवा. कुंदाताईचा होता. माझे थोरले दीर आणि कुंदाताई पारशिवनीजवळच्या गावात राहतात. शेती आहे, आणि कुंदाताई गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. काही महिन्यांपूर्वी आम्ही तिकडे तपासणीचं शिबिर घेतलं तेव्हा तिची नोंदणी मी माझ्या हाताने केली होती. तिची तपासणी चांगली निघाली होती, तो कागद मात्र तिने न्यायचा राहिला होता. मी माहेरचं आडनाव लावते, त्यामुळे कुणाला शंका येण्याचंही कारण नव्हतं. आठ दिवसांचा तर प्रश्न, रिपोर्ट चांगलाच येणार, मग काहीतरी सांगून नोंद काढून टाकू. असं सगळं मी गाडीत बसून ठरवलं आणि बाटलीवर तिचं नाव लिहिलं. अक्षर छान आलं होतं.

वैशालीचं काम

इथे मला माझ्या संशोधनाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गावाकडच्या बायका तपासणी करून जातात आणि रिपोर्ट घ्यायला येतच नाहीत. फोन करून "रिपोर्ट न्यायला या" म्हटलं की म्हणतात, सोयाबीन निघालं की येऊ, पोरीचं लग्न आटोपलं की येऊ. येतात तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. हा मधला वेळ कमी कसा करायचा, हेच माझं संशोधन. त्यासाठी मी एक नियम केला होता. वाईट रिपोर्ट आला की त्याच दिवशी बाईला फोन जायचा, डॉक्टरने कागद बघायची वाट पाहायची नाही. आणि फोनवर खरं सांगायचं. गोलमोल बोलायचं नाही. "ताई, कॅन्सर निघाला आहे, पण लवकर आलात तर बरा होतो, घरच्या कुणाला घेऊन या." या नियमासाठी मी मिटिंगांमध्ये भांडले होते. फोनवर असं सांगणं क्रूर आहे, असं काहीजण म्हणाले. उशीर जास्त क्रूर आहे, असं मी ठणकावून सांगितलं आणि नियम करून घेतला.

फोन करायचं काम वैशालीचं. ती आधी नर्स होती, आवाज चांगला, घाई नाही. मीच तिला शिकवलं. नाव दोनदा विचारायचं. बाई रडली तर थांबायचं, आपण फोन ठेवायचा नाही.

आणि हे सगळं मी विसरले. बाटलीवर नाव लिहिताना नियम आठवला नाही, वैशाली आठवली नाही, त्या पेशंट नंबराला कुंदाताईचा मोबाइल जोडलेला आहे हेही आठवलं नाही. लोक मला अजून विचारतात, तुम्ही कशा विसरलात?

मंगळवार

ऑपरेशनं संपवून संध्याकाळी पाच वाजता कॉम्प्युटर उघडला. रिपोर्ट आला होता. तीन ओळी. मी त्या दोनदा वाचल्या.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी काही सरकली नाही. खोलीतल्या फरशा जिथल्या तिथे होत्या. मी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं उरलेलं प्रकरण तपासलं, दोन ठिकाणी लाल खुणा केल्या, धरमपेठेत पालक घेतला आणि घरी आले. माझा नवरा विलास ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. त्याने विचारलं, "कशी झाली आजची ऑपरेशनची लिस्ट?" मी म्हटलं, "ठीक." पालक निवडला. डाळभाजी केली. चवीलाही बरी होती.

बुधवारी दोन ऑपरेशनं केली. त्यातलं एक अगदी माझ्याच आजाराचं. हात जरासुद्धा हलला नाही. तेव्हा मला वाटलं, बाई, किती खंबीर आहेस तू. खंबीर कसली! आतलं सगळं बंद पडलं होतं आणि मी आपली शाबासकी घेत होते. विलासला रविवारी सांगू, असं ठरवलं होतं. रविवारच का, ते आता मलाही सांगता येणार नाही.

तुमच्यापैकी कुणाला निदानाच्या दिवशी रडू आलं नसेल, काही वाटलंच नसेल, तर घाबरू नका. तसं होतं. फक्त त्या अवस्थेत महत्त्वाचे निर्णय घेऊ नका आणि शक्यतो कुणावर ऑपरेशनही करू नका.

गुरुवार

सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी वैशाली दारात आली. खुशीत होती.

"मॅडम, मंगळवारच्या यादीतल्या पारशिवनीकडच्या ताई आज येताहेत. एका फोनवर तयार झाल्या. काही आढेवेढे नाहीत."

"छान," मी म्हटलं.

खरंच एवढंच म्हटलं. पारशिवनी ऐकूनही डोक्यात काही पेटलं नाही.

अकराच्या सुमारास बाहेरून नाव पुकारलं गेलं आणि दार ढकलून कुंदाताई आत आली. लग्नकार्यात नेसते ती गडद निळी साडी, केसांना तेल, हातात कापडी पिशवी. पिशवीतून नव्या गाऊनची घडी दिसत होती. एकटी आली होती. माझ्यासमोर शिकाऊ डॉक्टर मुली बसल्या होत्या, त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही.

"आली वं मी, शुभा. तू तर बोलावलं नाही. त्या बाईनं बोलावलं."

आता कळलं. एका क्षणात सगळं कळलं. कान तापले, तेवढंच. मी मुलींना बाहेर जायला सांगितलं.

"ताई, बसा."

"बसून काय करू? ऑपरेशन कधी हाय, तेवढं सांग. मी कपडे घेऊनच आली."

"ताई, तुम्हाला काही झालेलं नाही. तो रिपोर्ट तुमचा नाही. माझा आहे."

"तुझा म्हंजे?"

"तुकडा माझा होता. मी फॉर्मवर तुमचं नाव लिहिलं. कॅन्सर मला आहे."

ती अगदी हळू म्हणाली, "मले नाही?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"अवं माय! वाचली मी!"

हे ती मोठ्याने म्हणाली. दोन्ही हात जोडून वर बघून. आणि दुसऱ्याच क्षणी तिने तेच हात तोंडावर दाबले. त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. जीव भांड्यात पडला त्याचीच तिला लाज वाटली होती. मला तिचा जराही राग आला नाही. मीही तेच म्हणाले असते.

ती आता खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली. "विलासले सांगितलं?"

"नाही."

"नवऱ्याले नाही सांगितलं. मले नाही सांगितलं. मग कोणाले सांगून राहिली तू?"

ती उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली. मी तिच्या मागे गेले नाही. बाहेर सोळा बायका बसल्या होत्या. मी पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

घरात

संध्याकाळी विलासला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. तो आरामखुर्चीत बसला होता, ऐकता ऐकता उभा राहिला.

"म्हणजे वहिनी दोन दिवस समजत होत्या की आपल्याला कॅन्सर आहे?"

"हो."

"आणि तू मला पालक निवडायला बसवलंस?"

पालक मीच निवडला होता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. तो खूप चिडला. चिडता चिडता मध्येच त्याच्या लक्षात आलं की बायकोला कॅन्सर आहे, आणि तो थांबला. पण चिडलेल्या माणसाला एकदम घाबरता येत नाही. त्याला नीट घाबरायलासुद्धा मी जागा ठेवली नव्हती. पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात हेच चाललं. तो औषधं आणायचा, कागदपत्रं लावायचा, आणि माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचा.

भाऊजींचा, म्हणजे कुंदाताईच्या नवऱ्याचा, दुसऱ्या दिवशी फोन आला. त्यांना तोवर काहीच माहीत नव्हतं. "तुमच्या दवाखान्यात नावं कमी पडली का जी, आमच्या घरचं घेतलं ते?" ते म्हणाले. मग त्याच दमात, "आणि तब्येत कशी हाय?" मी उत्तर देईपर्यंत फोन ठेवला.

हॉस्पिटलमध्ये मी स्वतः जाऊन वरिष्ठांना सांगितलं. लेखी दिलं. नोंदी दुरुस्त झाल्या, माझ्या नावाचा कागद माझ्या नावावर आला, आणि त्या संशोधनातून मला बाजूला केलं गेलं. ते योग्यच होतं. बोभाट्याला भिऊन जे केलं त्याचा व्हायचा तेवढा बोभाटा झालाच.

वैशालीची माफी मागायला गेले. ती फायली लावत होती, हात थांबवले नाहीत.

"मी नाव दोनदा विचारलं होतं मॅडम. तुम्ही शिकवलं तसं."

"तुझी काही चूक नाही गं."

"त्या रडल्या नाहीत. मी थांबून होते, पण नाही रडल्या. मला म्हणाल्या, बाई, एवढे फोन करता, जेवल्या का तुम्ही?" मग ती माझ्याकडे वळली. "मी शेकडो फोन केलेत, मॅडम. पण हा खोटा होता. तो मी केला."

मला तेव्हासुद्धा रडू आलं नाही. यायला हवं होतं, एवढं कळत होतं.

कुंदाताईला मी रोज फोन करत होते. तिने एकदाही उचलला नाही. आमच्यात काही गळ्यात गळे नव्हते, पण वीस वर्षांत ती माझ्यावर कधी रुसली नव्हती. मी नवी सून म्हणून गावी गेले तेव्हा मला चुलीवर भाकरी येईना. सासूबाईंच्या नजरेआड माझ्या वाटच्या भाकरी हिने थापल्या आणि वर दिवसभर मला "डॉक्टरीणबाई" म्हणून चिडवलं. ऑपरेशनची तारीख ठरली. काय काय होऊ शकतं ते मला पाठ होतं, आणि त्यातल्या कशाचीही भीती वाटत नव्हती. कुंदाताई न बोलताच राहून जाईल, हा एकच विचार सकाळ-संध्याकाळ यायचा. तोही दुखत नव्हता, नुसता यायचा.

पलंगावरून

ऑपरेशन रेणूने केलं. माझी विद्यार्थिनी, आता माझ्यापेक्षा हात चांगला. संमतीचा कागद तिने मला वाचून दाखवला. तो कागद मीच कधीतरी लिहिला होता, सोप्या मराठीत, बायकांना कळेल असा. मला एक शब्द कळला नाही. सही केली.

हॉस्पिटलचा दिवस पलंगावरून फार वेगळा दिसतो. पाचला थर्मामीटर. साडेपाचला रक्तदाब. सहाला फरशी पुसणारी येते आणि तुमच्या सपाता पलंगाखाली इतक्या आत सारते की दिवसभर कुणाला तरी वाकायला लावावं लागतं. गाऊनच्या मागच्या नाड्या कधीच पुरत नाहीत. राउंडवर आठ-दहा डॉक्टर पायाशी उभे राहतात आणि मोठ्याने विचारतात, "वारा सरला का?" बावीस वर्षं मी हा प्रश्न वॉर्डाच्या दारातून ओरडून विचारला आहे. या वेळी मला विचारला तेव्हा समोरच्या बाईकडे तिचे व्याही भेटायला आले होते. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत थांबले. मी म्हटलं, "नाही." समोरच्या व्याहीबुवांनी समजूतदारपणे मान हलवली.

चांगलंही सांगते. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशीने न सांगता माझी वेणी घातली. तेल नव्हतं, पाण्याचा हात लावून घातली. मुलगी बंगळुरूहून चार दिवसांसाठी आली, आणि मी सांगितल्याप्रमाणे एकदाही रडली नाही. आता वाटतं, तिला तसं सांगायला नको होतं.

गर्भाशयाबरोबर काढलेल्या लसिकाग्रंथींच्या गाठींपैकी एका गाठीत आजार सापडला. म्हणजे रेडिएशन. पंचवीस दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. रेणूने हे सांगताना माझा हात धरला. ऑपरेशननंतर मांडीच्या आतल्या बाजूला वीतभर जागा सुन्न झाली होती, त्याबद्दलही ती बोलली. हळूहळू येईल संवेदना, म्हणाली. मी म्हटलं, "माहीत आहे गं मला." ती म्हणाली, "हो मॅडम, पण मला सांगावं लागतं."

मे महिना

रेडिएशन मे महिन्यात सुरू होणार होतं. विलासला पेपर तपासायचे होते, मुलगी परत गेली होती. रोज माझ्याबरोबर कोण येणार, यावर आमचा खल चालला होता. रविवारी दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही अशा उन्हात, दाराची बेल वाजली. कुंदाताई. डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात तीच कापडी पिशवी.

"शाळेले सुट्ट्या लागल्या," ती विलासला म्हणाली. "कूलरमंदी पाणी टाकलं का?"

माझ्याकडे बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली.

ती पाच आठवडे राहिली. माझ्याशी कामापुरतं बोलायची. "ऊठ." "पाणी पे." "ऑटो आला." मला जुलाब लागले तेव्हा ताकभात कालवून समोर ठेवायची आणि मी संपवेपर्यंत समोरून हलायची नाही, पण शब्द नाही. बाकी सगळ्यांशी गप्पा. रेडिएशनच्या हॉलमध्ये रोज त्याच बायका भेटतात. कुणाची सून कशी, कुणाच्या घरी कोणतं लोणचं, आठवड्यात हिला सगळं माहीत. तिथे खळखळून हसायची. मी शेजारी बसलेली असले की माझ्यावरून वाकून पलीकडच्या बाईशी बोलायची. मला तेवढंही पुष्कळ वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मशीन बंद पडलं. दुरुस्तीला माणूस आला होता, दोन तास लागतील म्हणाले. बऱ्याच बायका चहाला गेल्या. आम्ही दोघी बसून राहिलो. कुंदाताई समोरच्या भिंतीकडे बघत अचानक बोलायला लागली.

"त्या बाईचा फोन आला तवा मी शाळेत होती. खिचडीले फोडणी देऊन राहिली होती. फोन ठेवला अन् सुशीलेले म्हटलं, तू हलव वं, माहा हात दुखून राहिला."

सुशीला म्हणजे तिच्यासोबत शिजवणारी बाई.

"हात दुखत होता?" मी विचारलं.

"काहून दुखीन? माहा हात लागू नये म्हणून. लेकरायचं अन्न."

"ताई, कॅन्सर हाताने लागत नाही. मी तुमच्याच गावात सांगितलं होतं."

"माहीत हाय ना मले. पहिल्या रांगेत बसली होती मी. टाळ्या वाजवल्या तुह्यासाठी. तरी लेकरायचं पोट हाय. हिंमत नाही झाली. घरी माही थाळी अलग ठेवली. तुह्या भाऊजीले म्हटलं, पित्त झालं. मग तुह्या फोनची वाट पाहिली."

"माझ्या?"

"त मंग कोणाच्या? मंगळवारी रातपर्यंत पाहिली. बुधवारी दिवसभर पाहिली. म्हटलं शुभाले तर माहीत असनच, तिचाच दवाखाना. मंग ते काहून बोलून नाही राहिली? एवढी बोलकी बाई. म्हटलं, आपलं काही खरं नाही आता. तिले सांगवून नाही राहिलं."

हॉलमधला पंखा फिरत होता.

"बुधवारी बाजारात गेली, गाऊन घेतला. समोरून उघडते तो. मंग घरी येऊन तुह्या भाऊजीले कुकर लावणं शिकवलं."

"काय?"

"कुकर. भात कसा लावाचा. पाणी किती, शिट्ट्या किती. ते म्हणे, काहून? मी म्हटलं, तुमाले येत नाही म्हणून. दोनदा करून घेतला त्याईच्याकडून. पयल्यांदा त्याईनं शिट्टीच नाही बसवली." ती किंचित हसली. "उभे राहून वाट पाहून राहिले, शिट्टी काहून होत नाही म्हणून. मी मागं उभी होती. पदर तोंडात कोंबून."

आणि तिथे माझं काहीतरी झालं. पोटातून आवाज आला, मला कळेना तो माझाच आहे. भाऊजी गॅससमोर उभे राहून शिट्टीची वाट बघताहेत, मागे ही, आणि हिला वाटतंय की आपण जाणार. त्याच वेळी मी इथे घरी जेवून हात धूत होते. मंगळवारपासून जे मला व्हायला हवं होतं ते सगळं हिला झालं होतं, एकटीला. मी ओंजळीत तोंड घालून रडले. निदानानंतर पहिल्यांदा. टाक्यांची जागा ओढली गेली तरी थांबता येईना. मला मरायचं नाही, मला मरायचं नाही, असं मी बडबडत होते म्हणे. मला आठवत नाही.

चहाला गेलेल्या बायका परत आल्या आणि घाबरल्या. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. "काय झालं वं बाईले? रिपोर्ट खराब आला का?"

"काही नाही," कुंदाताई म्हणाली. तिने माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबलं होतं, जरा जोरातच. "डॉक्टर हाय ते. तिले आज समजलं."

मशीन दुरुस्त झालं. माझा नंबर आला, मी आत जाऊन आडवी झाले आणि बाहेर आले. परत येताना ऑटोत उन्हाच्या झळा लागत होत्या. तिने आपला दुपट्टा माझ्या डोक्याला गुंडाळला. मी विचारलं, "ताई, मला माफ केलं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? मरणाऱ्याले माफ करत असतात. तू कुठं मरून राहिली?"

ऑटोवाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. तिने त्याला समोर बघून चालवायला सांगितलं.

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. दर तीन महिन्यांनी माझी तपासणी असते आणि दर वेळी ती बसने येते, बाहेर बाकावर बसते, रिपोर्ट चांगला आहे हे माझ्या तोंडून ऐकते आणि मगच घरी जेवायला येते. प्रत्येक वेळी मी विचारते. तिने मला अजून माफ केलेलं नाही.